बापाने शिकवलं नाही ते

साठी उलटलेला माणूस दिसला की सरांचा पाय अडायचाच. मग तो भाजीवाला असो, कुणाच्या लग्नाला आलेला लांबचा मामा असो, नाहीतर मयताला आलेला शेजारी. ओळख ना पाळख, सर सरळ समोर जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "बाबा, तुम्हाला पूर्वी काय करता यायचं, जे तुम्ही आता करत नाही?"

पुष्कळ म्हातारे बिचकायचे. सुरतेच्या उधना स्टेशनबाहेर एकाने तर काठीच उगारली होती. त्याला प्रश्नाचा भलताच अर्थ लागला होता.

सरांशी माझा संबंध सुटून आता बरीच वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर ते धुळ्याकडे निघून गेले, आणि मीही सुरत सोडली. पण अजून कुठे हाताने वळलेला दोर दिसला की मी थांबते. बोट लावून बघते. मला त्यातलं काही कळत नाही.

नव्वदच्या आसपास लग्न होऊन मी जळगावहून सुरतेला आले. नवरा बँकेत होता. पांडेसऱ्यातल्या एका मराठी शाळेत मला नोकरी लागली. वर्गातली मुलं बहुतेक खानदेशातली. कुणाचे वडील लूमवर, कुणाचे डाइंगमध्ये. शाळेमागच्या नाल्याला कधी गुलाबी पाणी यायचं, कधी निळं, आणि मुलं त्यावरून आज कोणत्या मिलमध्ये कोणता माल निघाला ते सांगायची. सर तिथे विज्ञान शिकवत. पन्नाशीला टेकलेले, काटकुळे, अंगात कायम बाहीची बटणं लावलेला शर्ट. खिशात तंबाखूची डबी असायची, पण तंबाखूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. डबीत गारगोटीचा दगड, पोलादाचा एक तुकडा आणि सावरीचा कापूस.

मधल्या सुट्टीत चहाची वेळ झाली की मावशी स्टोव्हपाशी काड्यापेटी घेऊन बसायच्या. "थांबा मावशी," म्हणत सर उकिडवे बसायचे आणि दगडावर पोलाद घासायला लागायचे. ठिणग्या उडायच्या. कापूस धुमसल्यासारखा व्हायचा आणि विझायचा. घंटा वाजायची. चहा राहायचा.

"सर, तुमच्या विस्तवापायी कुणीतरी माझी नोकरी घालवील," मावशी कुरकुरायच्या.

एकदा मात्र कापूस खरोखर पेटला. सरांनी त्यावर काडी धरली, काडी पेटली, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी लहान मुलासारखं सगळ्यांकडे बघितलं आणि पेटती काडी स्टोव्हला लावली. स्टोव्हमध्ये रॉकेल नव्हतं.

वर्गात ते धडा शिकवता शिकवता मध्येच थांबायचे. "समजा, नळाला पाणी आलं नाही. मग?" मुलं म्हणायची, टँकर. "टँकर आला नाही. मग?" शेजारच्या सोसायटीतून आणू. "त्यांच्याकडेही नाही. मग?" असं करत करत ते मुलांना नदीच्या वाळूत झरा कसा खणायचा, गढूळ पाण्यात शेवग्याच्या बियांची पूड टाकली की गाळ कसा खाली बसतो, इथपर्यंत आणायचे. मुलांनी त्यांचं नाव 'मग सर' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि आवडायचंही.

त्यांच्या घरी मी बऱ्याचदा जायचे. उधन्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला त्यांचं बैठं घर होतं. घरात पाऊल टाकलं की आधी वास यायचा, राखेचा, वाळवलेल्या पाल्याचा, भिजत घातलेल्या अंबाडीचा. अंबाडीचे देठ मागच्या हौदात कुजायला टाकलेले असत, आणि त्यांच्या सालीचा दोर वळायचा असे. त्या वासाने शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. पडवीत सरांनी स्वतः विणलेली बाज होती. तिला मध्ये इतका झोळ आला होता की बसलेला माणूस उठायला हात मागायचा. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तिच्यावर कधी बसल्या नाहीत.

"यांना माचिस आणायला पाठवलं की दोन दगड घेऊन येतात," वहिनी सांगायच्या. बोलताना हसायच्या, पण सगळंच हसण्यावारी नव्हतं. हौद दोरासाठी अडला की धुण्याचं पाणी त्यांनाच लांबून भरावं लागे.

सर हे सगळं म्हाताऱ्यांकडून शिकत होते. दर उन्हाळ्यात, दिवाळीत कुणाच्या तरी ओळखीने कुठल्यातरी गावी जायचे. कामरेजच्या पुढे एक म्हातारी टोपल्या विणायची, तिच्याकडे त्यांनी पावसाळ्यातले सगळे रविवार घालवले. टोपली शेवटपर्यंत तिरकीच झाली. म्हातारी गुजरातीत म्हणाली, "भाई, तारा हाथमां उतावळ छे." तुझ्या हाताला घाई आहे. सर हे आम्हाला कौतुकाने सांगत सुटले, जणू तिने प्रशस्तिपत्रक दिलं होतं.

एकदा चौथीतल्या एका मुलाचे आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते. सरांनी त्यांना डोळ्याच्या पट्टीसकट वर्गात आणून बसवलं. आजोबांनी पायाच्या अंगठ्यात अंबाडीचे तंतू अडकवले आणि मुलांना पीळ द्यायला शिकवायला सुरुवात केली. अर्धा वर्ग एकीकडे, अर्धा दुसरीकडे, मध्ये लांबच लांब दोर, आणि बाकं भिंतीला लावलेली. नेमके त्याच दिवशी तपासनीस साहेब आले.

"आ शुं चाले छे, मास्तर?"

"गणित," सर म्हणाले.

"गणित?"

"तीन पदर आणि एक पीळ. बेरीज बघा." सरांनी दोराचं टोक साहेबांच्या हातात दिलं. "ओढा."

साहेबांनी ओढलं. दोर टिकला. जाताना मुख्याध्यापकांना आत बोलावून बरंच बोलले. आजोबा मात्र खुशीत होते. घरी जाताना त्यांनी नातवाला सांगितलं म्हणे, "सुरतमा उनू तधळपासून आज पहिलांदा कोनी तरी माले काहीतरी इचारं." इथे आल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

सरांचं सगळं असंच हसतखेळत चाललेलं मी बघत होते. एका वर्षी त्यांनी दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास दिला: गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना हाताने करायची एक गोष्ट विचारा, शिकून या. मुलं काय काय शिकून आली. एक मुलगी रात्रीचा विस्तव राखेत जपून सकाळी पुन्हा फुलवायला शिकून आली होती. तिने वर्गात सांगितलं, सरांनी तिला पुढे बोलावून पाठ थोपटली, आणि मुलीने घरी जाऊन गॅस बाजूला ठेवून शेगडी मांडली. हात भाजला.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. स्टाफरूमच्या दारातच उभी राहिली. डोक्यावर पदर, डोळे लाल, कडा सुजलेल्या. ते डोळे रडून झालेले नव्हते, वर्षानुवर्षांचे होते.

"मास्तर," ती म्हणाली, "चुल्हा फुकी फुकी मन्हा डोया गयात. गाव सोडीसन आठे उनूत ते कसाले? मन्ही पोरनी परत राखमा हात घालाना म्हणीसन?" चूल फुंकून फुंकून तिचे डोळे गेले होते; गाव सोडून इथे आलो ते पोरीने पुन्हा राखेत हात घालावा म्हणून का, असं ती विचारत होती.

सर उभे राहिले.

"चुकलं ताई," एवढंच म्हणाले.

ती गेल्यावर ते बराच वेळ डबी उघडझाप करत बसले. मग मला म्हणाले, "बाई, ही अगदी माझ्या बापासारखं बोलली."

तोवर सर वडिलांबद्दल कधी बोलले नव्हते. दोंडाईच्याजवळच्या एका गावात वडील एकटे राहतात, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी ते बोलले.

वडिलांना, म्हणजे आबांना, सगळं येत होतं. मातीच्या सपाट छपराचं धाब्याचं घर त्यांनी स्वतः बांधलं. दोर, बाजा, टोपल्या, घरात विकत आणलेली वस्तू म्हणजे मीठ. एका वाईट दुष्काळात गावातली निम्मी घरं बाहेर पडली, पण आबांनी नदीकाठचा पाला, कंद, कसल्या कसल्या बिया आणून घर जगवलं. त्यातलं काय खायचं, काय दोनदा उकळून पाणी टाकून द्यायचं, काय तोंडालाही लावायचं नाही, ते त्यांना कळत होतं. आणि यातलं काहीही त्यांनी मुलाला शिकवलं नाही. लहानपणी सरांनी एकदा दोराचं टोक हातात घेतलं, तेव्हा आबांनी थोबाडीत मारली आणि हातात पाटी दिली.

"मी शाळेत पहिला यायचो," सर म्हणाले. "आबा गावभर सांगायचे, मन्ह्या पोऱ्याले काहीच येत नही. अभिमानाने सांगायचे."

मग चाळिशी ओलांडल्यावर एका उन्हाळ्यात सर गावी गेले आणि आबांसमोर बसले. "आबा, माले शिकाडा." आबा आधी हसले. सर हटेनात, तेव्हा चिडले. मी तुला यातून बाहेर काढायला जन्म घालवला, आणि तू पगारी माणूस, हौस म्हणून परत यात शिरतोस? लोक हसतील मला. असं बोलले आणि उठून शेतात निघून गेले. त्यानंतर सरांनी जगातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला विचारलं, आबांना पुन्हा विचारलं नाही. वर्षातून दोनदा गावी जायचे. बाप-लेक पावसापाण्याचं बोलायचे.

नव्वदचं दशक सरत आलं असताना पावसाळ्याच्या अखेरीस तापीला मोठा पूर आला. धरणातून पाणी सोडलं, नदी शहरात शिरली, आणि आमच्या बाजूला खाडी फुगली. लाइट गेली, नळ गेले, दुकानं बुडाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो, म्हणून घर वाचलं, पण प्यायला पाणी उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी आणि माझा नवरा कमरेइतक्या पाण्यातून सरांकडे गेलो. सर आणि वहिनी गच्चीवर होते, आणि अर्धी गल्ली त्यांच्याबरोबर.

ते सरांचे दिवस होते, असं कुणालाही वाटेल. माठात शेवग्याची पूड घालून गढूळ पाणी निवळत ठेवलं होतं, आणि वहिनी ते वर उकळून घेत होत्या. वाळवलेली मेथी, घोळ, गवार पिशव्यांतून निघत होती. अंबाडीच्या वासावरून भांडणारे शेजारी त्याच अंबाडीच्या दोराला ताडपत्री बांधून खाली बसले होते. चूल मात्र सरांच्या गारगोटीने पेटली नाही. शेवटी एका मुलाने बिडीचा लायटर काढला. सर खळखळून हसले. इतका आनंदी माणूस मी त्या पुरात दुसरा पाहिला नाही.

दुपार कलता कलता रस्त्याच्या टोकाला पाण्यातून एक म्हातारा येताना दिसला. धोतर मांडीपर्यंत खोचलेलं, डोक्यावर गाठोडं, ते पागोट्याच्या टोकाने हनुवटीखाली बांधलेलं. हातातल्या काठीने पुढची जमीन चाचपत येत होता.

वहिनी ओरडल्या, "अगंबाई, आबा!"

सर कठड्याशी नुसते उभे राहिले. बाकीच्यांनी धावत जाऊन म्हाताऱ्याला जिन्यावरून वर घेतलं.

रेडिओवर सुरत बुडाली असं ऐकून आबा गाडीत बसले होते. गाडी सुरतेच्या अलीकडे चलथाणला थांबवली. पुढे जाणार नाही, असं रेल्वेवाले म्हणाले. मग आबा रुळांच्या कडेकडेने चालत निघाले होते. गाठोड्यात ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, शेंगदाणे, गूळ, लाल मिरच्या. आणि एक जाड दोर.

"दोर कशाला, आबा?" वहिनींनी विचारलं.

"तुम्हले वढाले लागना असता ते." पाण्यातून ओढून काढायला लागलं असतं तर.

मग ते बसले आणि त्यांनी गच्चीभर नजर फिरवली. तीन विटांची चूल, निवळलेल्या पाण्याचा माठ, वाळवणाच्या पिशव्या, ताडपत्रीचे दोर. हात लांब करून त्यांनी एक दोर बोटांत धरला. खालून वर, वरून खाली चाचपला.

"हाई कोनी शिकाडं तुले?"

"लोकेस्नी," सर म्हणाले. लोकांनी.

वहिनींनी भाकरी आणि वाळलेल्या मेथीची भाजी वाढली. आबांनी दोन घास खाल्ले, तिसरा घास हातात तसाच राहिला. म्हणाले, भाजी उन्हात वाळवली आहे. सावलीत वाळवायची असते. उन्हाने कडू होते. मग पुन्हा खायला लागले. सर ताटावरून वर बघतच नव्हते. आबांनी त्यांना काही शिकवल्याची ती पहिली वेळ होती.

पाणी उतरलं. मागे राहिला तो काळा, चिकट, वास मारणारा चिखल, घरात, शाळेत, बाकांवर, नकाशांवर. मी पुन्हा सरांकडे गेले ते जादाचं फावडं मागायला. सर गुडघाभर चिखलात होते. आबा पडवीत त्या झोळ आलेल्या बाजेशेजारी जमिनीवर बसले होते. माळ्यावरची अंबाडीची जुडी त्यांनी स्वतः उतरवून घेतली होती. तंतू वेगळे करून पायाच्या अंगठ्यात अडकवले होते, आणि ते सरांना हाक मारत होते.

"ये रे. बस आठे. दाखाडस." बस इथे, दाखवतो.

सरांनी फावडं थांबवलं. तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. बसावं असं त्यांना फार वाटत होतं. मग त्यांनी घराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दुपारी शाळा साफ करायला जायचं होतं, मुख्याध्यापकांचा निरोप आला होता.

"आते नही, आबा. हाऊ गारा काढना शे. दिवाईले येसू, मंग बठ्ठं शिकसू." आता नको, हा चिखल काढायचाय. दिवाळीला येतो, तेव्हा सगळं निवांत शिकेन.

"बरं," आबा म्हणाले. त्यांनी अंगठ्यातून तंतू सोडवले, पुन्हा जुडी बांधली आणि बाजूला ठेवली. गाड्या सुरू झाल्यावर ते गावी गेले. मी फावडं घेऊन घरी आले होते, आणि त्या गोष्टीकडे माझंही लक्ष नव्हतं. सगळ्यांच्याच घरात चिखल होता.

नवरात्रात गावाहून फोन आला. आबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सर त्याच रात्रीच्या गाडीने गेले. दिवाळीची सुट्टी तिथेच काढली, वर बिनपगारी रजा घेतली. संक्रांतीच्या आत आबा गेले.

सर कामावर आले तेव्हा डोक्यावर नुकते केस यायला लागले होते. पहिले काही दिवस ते फक्त शिकवून घरी जात. मग एकदा माझा तास मोकळा होता, त्यांचाही होता. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

रोज सकाळी ते आबांना उशीला टेकून बसवायचे आणि समोर एकेक वस्तू मांडायचे. अंबाडी, बांबूच्या कामट्या, नदीकाठावरून तोडून आणलेला पाला. "हा खायचा ना, आबा? हा दोनदा उकळायचा?" आबा बघायचे. घशातून आवाज यायचा, शब्द व्हायचा नाही. सर एक पान वर धरायचे, दुसरं धरायचे, आबा डावा हात हलवायचे, आणि ते हो आहे की नाही, हे सरांना कळायचं नाही. मग आबा डोळे मिटून घ्यायचे. दमून की चिडून, तेही कळायचं नाही. गावात दुसऱ्या कुणाला विचारावं तर त्या वयाचं कुणी उरलं नव्हतं. पोरं सगळी सुरतेला.

"एकदा मी त्यांच्यासमोर दोर वळत बसलो होतो," सर म्हणाले. "त्यांनी डाव्या हाताने माझा हात ओढला. मला वाटलं, पीळ चुकला, आता दाखवतील. दोर मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो टाकून दिला. त्यांना माझा हात पाहिजे होता. उलटा करून तळवा वर केला आणि अंगठ्याने चाचपत राहिले. बोटांच्या मुळाशी. इथे."

सरांनी तळवा माझ्यापुढे धरला. खडूने पांढरा झालेला होता. बोटांच्या मुळाशी पिवळट, कडक घट्टे होते.

"शेतकऱ्याचा असतो तसा हात झालाय माझा. ते कितीतरी वेळ चाचपत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तोंड हललं." सरांनी मूठ मिटली. "बाई, चेहऱ्याची एक बाजू गेलेली होती ना. ते हसले की रडले, मला कळलं नाही."